पहाटेचा अलार्म आणि मुलाला आलेलं पत्र

प्रश्न : मुलगा टेक्सासमध्ये, डॅलसजवळ राहतो. गेल्या खेपेला पहाटे तुळशीला पाणी घालायला मागचं दार उघडलं आणि चोरीचा अलार्म कोकलायला लागला. थोड्याच वेळात पोलीस दारात! पुढे महापालिकेचं पत्रही आलं. आता पुन्हा सहा महिने जातोय. माझ्यामुळे मुलाला दंड बसेल का?
– एक आजोबा, सांगली

उत्तर : काका, एवढा घोर लावून घेऊ नका. टेक्सासच्या कायद्यानुसार बारा महिन्यांत तीन खोटे अलार्म होऊन गेल्याशिवाय शहराला दंड लावता येत नाही. चौथ्याला जास्तीत जास्त ५० डॉलर, पुढे ७५, मग १००. मुलाच्या अलार्मचा परवाना चालू आहे ना, तेवढं त्याला बघायला सांगा.

तिकडे पोलिसांपर्यंत जाणाऱ्या अशा अलार्मांपैकी शंभरात नव्वदहून जास्त खोटे निघतात. यूटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत तर २००० सालापासून आधी खासगी रखवालदार जाऊन खात्री करतो, मगच पोलीस निघतात.

मी अकरा वर्षं डॅलसजवळच राहते. आमच्याकडे गणपतीत सलग दोन दिवस अलार्म वाजला. दारंखिडक्या बंद, घरात कोणी नाही. शेवटी सापडलं ते असं : मखराच्या चमकत्या झुरमुळ्या एसीच्या झोतात हलत होत्या आणि समोरच्या कोपऱ्यातला हालचाल टिपणारा सेन्सर त्यांना माणूस समजत होता. मखर दोन हात सरकवलं, प्रश्न मिटला.

दुसऱ्यांदा आई घरात होती. अलार्म वाजला की त्यावर लक्ष ठेवणारी कंपनी बहुधा आधी घरी फोन करते, मग दुसऱ्या नंबरावर, आणि कोणीच भेटलं नाही तर पोलिसांना कळवते. आईने पलीकडून भराभर इंग्रजी ऐकलं आणि घाबरून फोन ठेवला. माझा फोन मीटिंगमुळे बंद. पोलीस आले. तिचे थरथरणारे हात मला अजून दिसतात, म्हणून कळकळीने सांगते : फोन ठेवू नका. नाव सांगा आणि ठरलेला पासवर्ड सांगा. आम्ही तो बदलून आजोळच्या गावाचं नाव ठेवलं, आईला कधीच विसरायला होणार नाही असं.

दार उघडल्यावर कीपॅडवर अलार्म बंद करायचे आकडे दाबायला बहुतेक घरांत अर्धा ते एक मिनिट मिळतं. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मुलाला शेजारी उभं करून चार वेळा सराव करा. कंपनीला आधी कळवून ‘टेस्ट’वर टाकलं की पोलीस येत नाहीत. आणि कीपॅडवरच्या पोलिसांच्या बटणाला नातवाचा हात पोहोचत असेल, तर ते बंद करून घ्यायला सांगा.