रोज रात्री आपोआप डुप्लिकेट उडवायचेत? आधी माझं ऐका

तुमच्याकडे तीन फोन, एक जुना निकॉन कॅमेरा, गूगल टेकआउटच्या (गूगलवरचा आपला डेटा उतरवून घ्यायची सोय) झिप, सगळे मिळून ४८ हजार फोटो. रोज रात्री दोन वाजता चालून 'सारखे दिसणारे' फोटो आपोआप डिलीट करणारी स्क्रिप्ट तुम्हाला हवी आहे, कारण दिवाळीच्या एक्स्चेंजमध्ये जुना लॅपटॉप देऊन टाकायचाय. तुमचा हा प्रश्न वाचला आणि पोटात गोळा आला. २०२२ मध्ये मीच लिहिला असता असा प्रश्न आहे.

क्रॉन (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी लिनक्सची सोय) कसा लावायचा वगैरे तुम्हाला येत असणारच, त्यात शिरत नाही. मी कॉम्प्युटरवाला नाही, लोकांची जीएसटी रिटर्न भरतो. लिनक्स ही हौस. तेव्हा पुढचं सगळं एका पोळलेल्या माणसाचं मत म्हणून वाचा.

माझी चूक अशी. नव्या दोन टीबी डिस्कवर निकॉनचे मूळ फोटो मी साध्या सीपीने, म्हणजे लिनक्सच्या कॉपीच्या आज्ञेने, कॉपी केले. तारखा जपायचा पर्याय लावला नाही, त्यामुळे २०१६ पासूनच्या सगळ्या फायलींना त्या दिवसाचीच तारीख लागली. व्हॉट्सॲपचे फोल्डर मात्र आरसिंकने (एक फोल्डर दुसऱ्याशी जुळवून ठेवणारं सॉफ्टवेअर), तारखांसकट आले. मग सारखे फोटो शोधणारं सॉफ्टवेअर चालवलं आणि नियम दिला: जोडीतला जुना ठेव, नवा उडव. कागदावर किती शहाणपणाचा वाटतो! मूळ फोटो जुनाच असणार ना? पण फाइलच्या तारखेनुसार जुने ठरले व्हॉट्सॲपचे. सहा हजार बाय चार हजारचे मूळ फोटो गेले आणि त्यांच्या १६०० बाय १०६७ च्या चोथा झालेल्या नकला जपून ठेवल्या गेल्या. दुसऱ्या डिस्कवर रोज रात्री आरसिंक चालायचा, तोही डिलीटच्या पर्यायासकट, म्हणजे इथून गेलेलं तिथूनही काढायचं. सकाळपर्यंत तिथूनही गेले. मी त्याला बॅकअप म्हणत होतो.

कळलं पाच महिन्यांनी. आजीच्या वर्षश्राद्धाला तिचा तांदूळ निवडतानाचा फोटो बारा बाय अठरा इंचांत फ्रेम करायचा होता. दुकानदाराने स्क्रीनवर मोठा केला आणि म्हणाला, "साहेब, हा व्हॉट्सॲपचा आहे. ओरिजिनल आणा." आजीच्या चष्म्याची एक दांडी काळ्या दोऱ्याने बांधलेली होती. मूळ फोटोत त्या दोऱ्याची गाठ मोजता यायची, आता कानाशी नुसता काळा डाग दिसत होता. हिशेब सोपा आहे: अठरा इंचांत १६०० ठिपके म्हणजे इंचाला ८९, चांगल्या छपाईला ३०० च्या आसपास लागतात. मूळ फोटोत ३३३ होते.

मग डेटा परत मिळवून देणाऱ्या एका ठिकाणी गेलो. नाव घेत नाही. "फिरती डिस्क आहे, होईल," म्हणाले. मधल्या काळात जागा मोकळी झाली म्हणून मी त्याच डिस्कवर बहिणीच्या लग्नाचे व्हिडिओ भरले होते, म्हणजे पुसलेल्या फोटोंच्या जागेवर नवं लिहिलं गेलं होतं. तसं स्पष्ट सांगितलं, तरी "बघतो" म्हणून साडेआठ हजार आगाऊ घेतले. तीन आठवडे फोन उचलला नाही. शेवटी पेन ड्राइव्ह दिला, 'अकरा हजार फोटो रिकव्हर' अशी चिठ्ठी लावून. बहुतेक फायलींचं नाव 'टी' आणि पुढे लांबलचक आकडा. उघडल्या तर १६० बाय १२०. कॅमेरा मूळ फोटोच्या आत जे छोटं चित्र भरून ठेवतो, ते! फोटोरेक नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर अशा चित्रांना हेच 'टी'वालं नाव देतं, हे नंतर कळलं. त्यांनी काय वापरलं ते त्यांनाच ठाऊक. काही मोठे फोटो निघाले, पण ते माझ्याकडे होतेच. म्हणजे डुप्लिकेट घालवायला निघालो आणि पैसे मोजून डुप्लिकेट घेऊन आलो. पैसे परत मागितले तर "मेहनत तर झाली ना" हे उत्तर. असो.

आता तुमचं. बाइट न् बाइट तोच असलेला फोटो, म्हणजे दोन्हींचा हॅश (फाइलच्या बाइटवरून काढलेला आकडा, तिच्या बोटाच्या ठशासारखा) एकच, तो खुशाल आपोआप काढा. टेकआउटमध्ये असे ढिगाने असतात: एक प्रत वर्षाच्या फोल्डरमध्ये, दुसरी अल्बमच्या. ह्या कामाला मी आरएमलिंट नावाचं सॉफ्टवेअर वापरतो. तो स्वतः काही उडवत नाही, स्क्रिप्ट लिहून देतो. आपण वाचायची, मग चालवायची. टेकआउटच्या जेसन फायलींतून (फोटोसोबत येणारी, त्याची माहिती असलेली फाइल) तारखा फोटोत भरायच्या असतील तर ते काम डुप्लिकेट काढल्यानंतरच करा. दोनातल्या एका प्रतीत तारीख घातली की बाइट बदलले, हॅश बदलला, मग जुळी भावंडं एकमेकांना ओळख देत नाहीत.

नावावरून डुप्लिकेट ठरवू नका, हे सांगायला नको, तरी सांगतो. निकॉनचा आकडा ९९९९ नंतर परत एकवर येतो. एकाच नावाचे तीन वेगळे फोटो आहेत माझ्याकडे.

'सारखे दिसणारे' मात्र यंत्राने फक्त शोधावेत, आणि फार तर 'शंका' नावाच्या फोल्डरमध्ये हलवावेत. डिलीट नाही. माझं ह्याबाबतीतलं मत टोकाचं आहे, मान्य. पण एका दमात काढलेल्या पाच फोटोंपैकी ज्यात पोराचे डोळे उघडे आहेत तो कोणता, हे त्याला कळत नाही. असे फोटो शोधायला मी च्काव्का नावाचं सॉफ्टवेअर वापरतो. पोलिश भाषेत त्याचा अर्थ उचकी; कोणीतरी आठवण काढत असणार! महिन्यातून एका रविवारी चहा घेऊन तो 'शंका' फोल्डर बघतो, अर्धा तास जातो. कोणता ठेवायचा ते ठरवताना आधी पिक्सेल, मग फोटोच्या आत कॅमेऱ्याचं नाव आणि तारीख आहे का ते. फाइलच्या तारखेला विचारायचंच नाही. नुसत्या केबी-एमबीवरही जाऊ नका. वरच्या क्वालिटीत पुन्हा सेव्ह केलेली नक्कल कधी कधी मुळापेक्षा जाडी भरते. आयफोनचा लाइव्ह फोटो आणि त्याच्याबरोबरची एमओव्ही (छोटा व्हिडिओ) फाइल, तसंच कॅमेऱ्याने एकाच फोटोच्या रॉ आणि जेपेग अशा दोन प्रकारांत ठेवलेल्या जोड्या, ह्यांना वेगळं पाडू नका.

जाता जाता: ॲन्ड्रॉइडवर व्हॉट्सॲपच्या इमेजेसमध्ये 'सेंट' नावाचं फोल्डर असतं. तुम्ही पाठवलेल्या प्रत्येक फोटोची दाबलेली नक्कल तिथे पडते. आधी ते फोल्डर सिंकमधून वगळा, तुमचा निम्मा त्रास तिथेच असू शकतो. आणि आवराआवर चालू असताना गूगल फोटोजचं ॲप फोनवरून डिलीट करायला वापरू नका. बॅकअप झालेला फोटो क्लाउडवरूनही जातो आणि ट्रॅशमध्ये ६० दिवसच राहतो. मला पाच महिन्यांनी कळलं होतं, तेव्हा ६० दिवसांचा काय उपयोग.

तुमची स्क्रिप्ट इथे टाका, बघू या. डिलीटच्या जागी मूव्ह लिहून टाका. आणि लॅपटॉप ह्या दिवाळीला देऊ नका. एक्स्चेंजच्या ऑफर संक्रांतीलाही येतात.