पीएचडीचं फंडिंग, अर्धी ट्युशन माफ असलेलं एमए आणि कर्ज: तीन ऑफर कशा तोलायच्या

प्रश्न असा आहे: अमेरिकेत इतिहासासाठी अर्ज केले, तीन ठिकाणांहून पत्रं आली. एका राज्य विद्यापीठात पीएचडी, पाच वर्षांचं फंडिंग, वर्षाला २४,००० डॉलर स्टायपेंड. एका नामांकित खासगी विद्यापीठानं पीएचडी नाकारली, पण तिथल्याच दोन वर्षांच्या एमएला निम्मी ट्युशन माफ करून बोलावलं. तिसरीकडे पीएचडीला प्रवेश आहे, मात्र पहिल्या वर्षी फंडिंग नाही, 'दुसऱ्या वर्षापासून विचार करू'. यातलं काय घ्यावं आणि त्यासाठी किती कर्ज काढावं? तुमच्याकडे अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड आहे का, हे लिहिलेलं नाही, त्यामुळे दोन्ही बाजू मांडतो.

तिसरी ऑफर आधी निकालात काढू. मानव्यविद्यांमध्ये फंडिंगशिवाय पीएचडीला प्रवेश म्हणजे सभ्य भाषेतला नकार. विभागाकडे दरवर्षी असिस्टंटशिपच्या, म्हणजे शिकवण्याच्या बदल्यात स्टायपेंड आणि ट्युशन माफी देणाऱ्या, ठरावीक जागा असतात, आणि त्यांवर पहिला हक्क ज्यांना लेखी हमी दिली आहे त्यांचा. उरलं तर तुम्हाला, आणि बहुधा उरत नाही. तरीही मन अडकलं असेल तर विभागाच्या ग्रॅज्युएट स्टडीजच्या संचालकांना एकच प्रश्न विचारा: गेल्या पाच वर्षांत फंडिंगशिवाय घेतलेले विद्यार्थी किती, आणि त्यांतल्या किती जणांना दुसऱ्या वर्षी पूर्ण फंडिंग मिळालं? आकडा आला तर निर्णय सोपा. 'प्रत्येकाची परिस्थिती वेगळी असते' असं उत्तर आलं तर आणखी सोपा.

आता एमए. पीएचडीच्या अर्जदाराला नकार देऊन पैसे भरून करायच्या एमएकडे वळवणं ही जुनी पद्धत आहे. शिकागो विद्यापीठाचा एमएपीएच हा मानव्यविद्यांतला एक वर्षाचा एमए अभ्यासक्रम त्याचं सगळ्यांत माहितीतलं उदाहरण. असे अभ्यासक्रम वाईट असतात असं मुळीच नाही, शिक्षण चांगलं मिळतं. पण विद्यापीठाच्या हिशेबात ते उत्पन्नाच्या बाजूला असतात आणि पीएचडी खर्चाच्या, हे लक्षात ठेवून पत्र वाचा. 'तुम्हाला ५० टक्के स्कॉलरशिप' याचा अर्थ उरलेली निम्मी ट्युशन आणि राहण्याचा सगळा खर्च तुमचा.

समजा ट्युशन वर्षाला ६०,००० आहे. निम्मी म्हणजे ३०,०००. राहणं, जेवण, विमा, पुस्तकं धरून आणखी ३०,०००. दोन वर्षांचे झाले १,२०,००० डॉलर. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकाला यातले किती सरकारी कर्जातून मिळतील? डायरेक्ट अनसब्सिडाइज्ड कर्जाची, म्हणजे शिकत असतानाही व्याज चढत राहणाऱ्या सरकारी कर्जाची, पदव्युत्तर मर्यादा वर्षाला २०,५०० आहे, म्हणजे दोन वर्षांत ४१,०००. वरची तूट पूर्वी ग्रॅड प्लस या दुसऱ्या सरकारी कर्जातून भरता यायची. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्यानं १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस बंद केलं आणि पदव्युत्तर शिक्षणाच्या सरकारी कर्जाला एकूण १,००,००० ची कमाल मर्यादा घातली. जुन्या उत्तरांमध्ये 'उरलेलं ग्रॅड प्लसमधून घ्या' असा सल्ला सापडेल, तो आता नव्यानं कर्ज काढणाऱ्याच्या कामाचा नाही. उरलेले ७९,००० खासगी कर्जातून उभे करावे लागतील.

सरकारी भागाचा हिशेब २०२५-२६ च्या ७.९४ टक्के दरानं करू. सब्सिडाइज्ड कर्ज, म्हणजे शिकतानाचं व्याज सरकार भरतं ते, पदव्युत्तर विद्यार्थ्यांना २०१२ पासून मिळत नाही, त्यामुळे पैसे हातात पडले त्या दिवसापासून व्याज चालू. दोन वर्षं शिकून आणि सहा महिन्यांची सवलत संपून पहिला हप्ता येईपर्यंत ४१,००० चे साधारण ४६,००० झालेले असतात. दहा वर्षांत फेडायचे ठरवले तर महिन्याला सुमारे ५५७ डॉलर. खासगी ७९,००० ला ११ टक्के दर धरला, तर शिकतानाचं व्याज सोडूनही दहा वर्षांचा हप्ता १,०८८ च्या आसपास. दोन्ही मिळून महिन्याला सोळाशेच्या वर, आणि हातात इतिहासाची एमए.

यात लोक एक गोष्ट हमखास विसरतात. एमएनंतर पीएचडीला प्रवेश मिळाला, फंडिंगही मिळालं, की वाटतं आता कर्जाची काळजी मिटली. हप्ते थांबतात हे खरं. अनसब्सिडाइज्ड कर्जाचं व्याज मात्र थांबत नाही. ४१,००० वर वर्षाला ३,२५५ डॉलर, पीएचडीच्या सात वर्षांचे २२,८०० च्या जवळपास, आणि एमएच्या काळातलं चारेक हजार वेगळं. पीएचडी संपते तेव्हा समोर ६८,००० च्या आसपास आकडा असतो आणि स्थगिती संपली की साचलेलं व्याज मुद्दलात मिसळतं. स्टायपेंडमधून निदान महिन्याचं व्याज, सुमारे २७० डॉलर, भरत राहणं हा उपाय आहे. २४,००० च्या स्टायपेंडमध्ये ते जमतं का, हे खालच्या हिशेबावरून तुम्हीच ठरवा.

उत्पन्नाशी बांधलेल्या परतफेडीच्या भरवशावर मोठं कर्ज काढू नका. नव्या कर्जदारांना त्यासाठी आता आरएपी (रिपेमेंट असिस्टन्स प्लॅन) ही एकच योजना उरली आहे. त्यात उत्पन्नाच्या १ ते १० टक्के हप्ता असतो: करासाठीचं समायोजित उत्पन्न ५५,००० असेल तर ५ टक्के, म्हणजे महिन्याला २२९. भरलेल्या हप्त्यातून न भागलेलं व्याज माफ होतं ही चांगली बाजू. पण उरलेलं कर्ज माफ व्हायला ३० वर्षं लागतात, आणि हे सगळं सरकारी कर्जापुरतंच. खासगी कर्जदात्याला तुमच्या पगाराशी देणंघेणं नसतं. पीएसएलएफमध्ये, म्हणजे सार्वजनिक सेवेतल्यांसाठीच्या सरकारी कर्जमाफी योजनेत, दहा वर्षांत माफी मिळते, त्यासाठी सरकारी किंवा ना-नफा संस्थेत पूर्णवेळ काम आणि १२० पात्र हप्ते लागतात. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना हे लागू होत नाही असा समज आहे, तो अपुरा आहे. जुलै २०२३ पासून प्रत्येक क्रेडिट तासाला किमान ३.३५ कामाचे तास धरले जातात, त्यामुळे तीन क्रेडिटचे तीन कोर्स शिकवले की आठवड्याचे ३० तास भरतात. नियम चांगला आहे. ते तीन कोर्स दर सत्रात मिळतीलच याची खात्री मात्र कुणी देत नाही.

आता राज्य विद्यापीठाचं पत्र. २४,००० हा आकडा बाजूला ठेवा आणि आधी तो नऊ महिन्यांचा आहे की बाराचा ते बघा. नऊ महिन्यांचा असेल तर सप्टेंबर ते मे महिन्याला २,६६७ दिसतात आणि जून, जुलै, ऑगस्टला शून्य. वर्षावर पसरले तर २,०००. ट्युशन माफ असली तरी 'स्टुडंट फी' त्यात बहुधा येत नाही. ती वर्षाला १,८०० आणि विम्यातला तुमचा वाटा १,२०० धरा, उरले २१,०००. ट्युशनची माफी करमुक्त असते, पण राहण्याखाण्यासाठी मिळणाऱ्या पैशावर कर लागतो. २०२५ सालची प्रमाणित वजावट, म्हणजे ज्यावर कर लागत नाही ती रक्कम, १५,७५० आहे, तेव्हा २४,००० पैकी ८,२५० वर १० टक्के, म्हणजे ८२५ डॉलर केंद्राचा कर. राज्याचा वेगळा. महिन्याला हातात साधारण १,६८० उरतात. आता त्या शहरातल्या एका खोलीचं भाडं शोधा. एमआयटीचं लिव्हिंग वेज कॅल्क्युलेटर काउंटीनुसार एका माणसाचा किमान खर्च दाखवतं, तो या आकड्याशेजारी ठेवा. मोठ्या शहरातले ३६,००० आणि छोट्या विद्यापीठगावातले २४,००० यांची तुलना याच पद्धतीनं होते, नुसते आकडे बघून फसायला होतं.

फेलोशिपच्या वर्षी, म्हणजे न शिकवता पैसे मिळतात त्या वर्षी, आणखी एक अडचण येते. असिस्टंटशिपचा पैसा पगार म्हणून येतो आणि त्यातून कर कापला जातो. नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांच्या फेलोशिपमधून बहुतेक विद्यापीठं काहीच कापत नाहीत, दर तिमाहीला अंदाजे कर आपण भरायचा असतो. ते माहीत नसलं की एप्रिलमध्ये एकदम बिल येतं, वर दंड.

पाच वर्षांची हमी पाहून निश्चिंत होऊ नका. मानव्यविद्यांमध्ये पीएचडी सुरू केल्यापासून पदवी मिळेपर्यंतचा मध्यक काळ सुमारे सात वर्षांचा आहे. म्हणजे सहावं आणि सातवं वर्ष कशावर काढायचं, हा खरा प्रश्न. पत्रातली भाषा नीट वाचा: 'गॅरंटीड' वेगळं, 'समाधानकारक प्रगतीवर नूतनीकरण' वेगळं, आणि 'निधीच्या उपलब्धतेनुसार' हे तर फारच वेगळं. संचालकांना मेलवरच विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहतं: सहाव्या वर्षातल्या किती जणांना मागच्या वर्षी असिस्टंटशिप मिळाली, प्रबंधाच्या टप्प्यावर नोंदणी फी किती, उन्हाळ्यात पैसे मिळतात का, किती सत्रं शिकवायचं आणि त्यांत स्वतंत्र कोर्स किती. पहिल्या वर्षापासून दर सत्रात दोन तुकड्या शिकवायला लावणारा विभाग पाच वर्षांत प्रबंध होऊ देत नाही, त्याची किंमत सहाव्या वर्षी तुम्ही मोजता.

विद्यापीठात ग्रॅज्युएट विद्यार्थ्यांची युनियन असेल तर तिचा करार जालावर मिळतो. किमान स्टायपेंड, दरवर्षीची वाढ, फी कोण भरणार, सगळं त्यात कलमवार असतं. विभागाच्या गोड पत्रापेक्षा तो कागद जास्त उपयोगी.

कर्ज किती, याचं माझं उत्तर कडक वाटेल. पीएचडीसाठी शून्य. एमएसाठी फक्त सरकारी मर्यादेत बसेल तेवढं, आणि तेही ही पदवी नसताना आज मिळू शकणाऱ्या पगारावर हप्ता झेपत असेल तरच. प्राध्यापकाच्या भावी पगारावर हिशेब मांडू नका. एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशन) या भाषा-साहित्याच्या प्राध्यापकांच्या संघटनेच्या यादीत इंग्रजीच्या जागांच्या जाहिराती २००७-०८ मध्ये १,८०० च्या वर होत्या, दहा वर्षांनी त्या निम्म्याहून कमी झाल्या. इतिहासातही चित्र फार वेगळं नाही. पीएचडीच्या जागाही आता आटत आहेत: बोस्टन विद्यापीठानं २०२५-२६ साठी मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांतल्या बारा पीएचडी अभ्यासक्रमांचे प्रवेश थांबवले, शिकागोनं पुढच्या वर्षासाठी कला-मानव्य शाखेतल्या अनेक विभागांत तेच केलं. पुढच्या फेरीत पुन्हा अर्ज करणार असाल तर फी भरण्याआधी विभागाच्या पानावर प्रवेश चालू आहेत का ते बघाच.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर सरकारी कर्जाचा विषयच येत नाही. व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या आय-२० या कागदासाठी निदान पहिल्या वर्षाचा पूर्ण खर्च दाखवावा लागतो, सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, आणि नेहमीची असिस्टंटशिप ते वीसही तास खाऊन टाकते. म्हणजे 'तिथे गेल्यावर काहीतरी करून भागवू' याला जागा नाही. निम्मी ट्युशन माफ असलेली एमए तुमच्यासाठी याच कारणानं जास्त धोक्याची. करात एक सोय आहे: परदेशी विद्यार्थ्यांना एरवी प्रमाणित वजावट मिळत नाही, भारतातून आलेल्यांना भारत-अमेरिका कर करारातल्या कलम २१(२) मुळे मिळते. फेलोशिपमधून १४ टक्के कापून घेतले जातात, रिटर्न भरताना या कलमाचा उल्लेख केला की त्यातले बरेच परत येतात. उन्हाळ्यात भाडं भरायला तेवढाच आधार.

नुसती एमए हवी असेल तरी राज्य विद्यापीठाची ऑफर सरस ठरते. बहुतेक पीएचडी अभ्यासक्रमांत दोन वर्षांनी वाटेत एमए मिळते. तोवर विषय, शहर किंवा मार्गदर्शक पटला नाही तर पदवी घेऊन बाहेर पडता येतं, तेही ट्युशन न भरता. विभागांना हे ठाऊक असतं, दरवर्षी कुणीतरी तसं करतं. उलट खासगी एमए करून पीएचडीला गेलात तर मुदत फार तर वर्षभरानं कमी होते, पुष्कळ ठिकाणी तेवढीही नाही.

घासाघीस करता येते. मूळ स्टायपेंड सहसा हलत नाही, पण उन्हाळ्याचं एकरकमी अनुदान, शिकवण्याशिवायचं एखादं वर्ष, पहिल्या सत्राची फी किंवा स्थलांतराचा खर्च यांना थोडी जागा असते. दुसरीकडची पूर्ण फंडिंगची ऑफर हाताशी असली की बोलणं सोपं होतं. तुमच्याकडे ती नाही, म्हणून धमकीचा सूर न लावता 'वर्षाच्या शेवटी सुमारे ४,००० कमी पडतात, हा हिशेब' असं आकड्यांनिशी लिहा. पहिला स्टायपेंड सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरमध्ये येतो, आणि डिपॉझिटसह भाडं ऑगस्टमध्येच द्यावं लागतं. क्रेडिट कार्डाचं कर्ज बहुतेकांचं तिथेच सुरू होतं. दोन महिन्यांचा खर्च आधीच बाजूला ठेवा किंवा विद्यापीठाकडे बिनव्याजी आगाऊ रक्कम मिळते का ते विचारा.

घाई कुणाच्या सांगण्यावरून करू नका. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या ठरावावर सही केलेली विद्यापीठं फंडिंगच्या ऑफरला १५ एप्रिलच्या आधी उत्तर देण्याची सक्ती करू शकत नाहीत. ठराव आर्थिक मदतीच्या ऑफरपुरता आहे, त्यामुळे खासगी एमएची डिपॉझिटची तारीख वेगळी असू शकते, ती पत्रात तपासा. तिसऱ्या विद्यापीठाला मात्र आजच नकार कळवा. आणि राज्य विद्यापीठाला होकार देण्याआधी फी, उन्हाळा आणि सहावं वर्ष या तिन्हींची उत्तरं मेलमध्ये आलेली असू द्या.