इन्स्टॉल होत नाही म्हणून शाखा बदलायची?

तुम्ही लिहिलंय की मुलगी संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्रोजेक्टसाठी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या लायब्ररी (तयार कोडचे संच) टाकताना तिला आठवडाभर नुसते एरर येताहेत. जिला साधं इन्स्टॉल जमत नाही ती पुढे काय करणार, म्हणून तिला बँकेच्या परीक्षांकडे वळवायचा तुमचा विचार आहे.

मला खटकलं ते वेगळंच. रोज रात्री तुम्ही तिच्यामागे उभे राहून 'झालं का?' विचारता, हे तुम्ही अगदी अभिमानाने लिहिलंय. वडील असे डोक्यावर उभे असताना कोण शांतपणे एरर वाचेल? ती नेटवर मिळेल ती कमांड चिकटवत सुटते आणि गुंता आणखी वाढतो. तिच्या बुद्धीबद्दल निकाल द्यायची एवढी घाई का झालीय तुम्हाला?

आणि हे इन्स्टॉल 'साधं' नाही. तुमच्याच वर्णनानुसार ती एकाच एन्व्हायर्नमेंटमध्ये (पायथन आणि त्याच्या लायब्ररींच्या वेगळ्या कप्प्यात) कधी कोंडा, कधी पिप ही लायब्ररी टाकणारी साधनं चालवते. दोघंही तिथेच फायली टाकतात, पण हिशेब आपापला ठेवतात. पिपने नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीची आवृत्ती बदलली, तर कोंडा ते जमेस धरत नाही. मग पुढच्या वेळी तो जुन्या हिशेबावरच काम करतो, आणि काल चाललेला कोड आज इम्पोर्टलाच, म्हणजे लायब्ररी आत घेतानाच, कोसळतो. मुरलेल्या लोकांनाही अशाच दोन हिशेबांच्या गोंधळाचा इतका ताप झालाय की डेबियन या लिनक्स सिस्टिमच्या 2023 मध्ये आलेल्या 12व्या आवृत्तीपासून पिपला सिस्टिमच्या पायथनमध्ये थेट काही टाकूच दिलं जात नाही. (ती अडवणूक मोडून काढणारा पर्यायही आहे. तिने तो वापरू नये.)

तिला सांगा, बिघडलेलं एन्व्हायर्नमेंट दुरुस्त करत बसू नकोस, सरळ उडव. नवं करताना पायथनची आवृत्ती ठरवून घे. कोंडाने मिळतं ते सगळं आधी, उरलेलं पिपने, आणि त्यानंतर कोंडाला हात लावायचा नाही. पिप नेमकं कुठल्या पायथनचं चालतंय, हे टाकण्याआधी बघ. निम्मी भांडणं तिथेच असतात. काय काय टाकलं त्याची यादी फाइलमध्ये ठेव.

बँकेच्या परीक्षा पदवीनंतरही देता येतात. पण एवढं करूनही तिला हे काम नकोसंच वाटत असेल, तर शाखेबद्दल जरूर बोलू. मात्र ते पत्र तिचं असू द्या, तुमचं नको.