४६ नंबरची दाढ आधी, बाकीचा कागद नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे: उजव्या खालच्या दाढेचा ठणका म्हणून दवाखान्यात गेलात, सात वर्षांच्या मुलालाही दाखवलंत आणि हातात कागद आला. '४६ आरसीटी + क्राऊन, ३६ कॉम्पोझिट, ३८ काढणे, पूर्ण तोंडाचं स्केलिंग. मुलाची ८५ पल्पेक्टमी, सहाव्या वर्षीच्या दाढांना सीलंट.' (आरसीटी म्हणजे नस काढून मुळांच्या नळ्या साफ करून भरणं, क्राऊन म्हणजे कॅप, कॉम्पोझिट म्हणजे दाताच्या रंगाचं भरण, स्केलिंग म्हणजे किटण काढणं, पल्पेक्टमी म्हणजे दुधाच्या दाढेची आरसीटी, सीलंट म्हणजे दाढेच्या खाचा बुजवणारा लेप.) एवढं सगळं खरंच लागतं का, दुखरी दाढ काढून मोकळं झालं तर काय बिघडतं, आणि पैसे एकदम नसतील तर क्रम काय लावायचा?

आधी त्या आकड्यांचं. ते दातांचे पत्ते आहेत. पहिला आकडा तोंडाच्या चतकोराचा: वरचा उजवा १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४. दुसरा आकडा समोरच्या मधल्या दातापासून मोजत गेल्यावर येणारी जागा. म्हणून ४६ हे 'चार-सहा' असं वाचायचं: खालची उजवी, सहाव्या जागेवरची दाढ. दुधाच्या दातांना त्याच क्रमाने ५ ते ८ हे आकडे, म्हणून मुलाची ८५ म्हणजे खालची उजवी दुसरी दुधाची दाढ. ३८ ही खालची डावी अक्कलदाढ. कागद, एक्स-रे आणि पावती या तिन्हींवर एकच आकडा आहे ना, हे एकदा ताडून पाहा. चुकीचा दात उघडला जाणं दुर्मीळ असतं, पण घडतं.

तुमच्या ४६ ची लक्षणं (गरम चहाने ठणका, रात्री आडवं झालं की वाढणारं दुखणं, गार पाण्याची चूळ धरली की थोडं बरं) हे सांगतात की कीड आतल्या नसेला जाऊन पोचली आहे आणि नस आता सावरणार नाही. कीड डेंटिनमध्येच (नसेभोवतालच्या थरातच) असती तर गार किंवा गोड लागताच सणक येऊन काही सेकंदांत गेली असती, आणि साधं भरण पुरलं असतं. इथे ते पुरणार नाही. अँटिबायोटिकनेही ही कळ जात नाही. सुजलेल्या नसेला कडक भिंतींच्या आत फुगायला जागा नसते म्हणून ती ठणकते, आणि गोळी त्या भिंती मोकळ्या करत नाही. अँटिबायोटिक लागतं ते गालावर सूज पसरत असेल किंवा ताप असेल तेव्हा. आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे काही दिवसांनी दुखणं आपोआप थांबतं. दाढ बरी झाली असं वाटतं, पण बहुतेक वेळा नस मेलेली असते आणि पू मुळाच्या टोकाकडे सरकत असतो. दुखऱ्या जागी अ‍ॅस्पिरिनची गोळी किंवा लवंग तेलाचा भिजलेला बोळा दाबून ठेवू नका. हिरडी भाजते आणि डॉक्टरांना आधी ती जखम बघत बसावं लागतं.

आता आरसीटीत नेमकं काय होतं. खालच्या दाढेसाठी जबड्याच्या मागच्या बाजूला इंजेक्शन देतात, त्याने अर्धा ओठ आणि जीभ दोन-तीन तास बधिर राहते. तेवढा वेळ काही चावून खाऊ नका, ओठ चावला गेला तरी कळत नाही. फार ठणकणारी दाढ पहिल्या इंजेक्शनला दाद देत नाही, हे खालच्या दाढांबाबत नेहमीचं आहे. 'अजून कळतंय' असं हात वर करून सांगा, दाताजवळ पूरक इंजेक्शन देता येतं. मग दाढेभोवती रबर डॅम, म्हणजे पातळ रबराचा पडदा ताणतात. तो लावणारा दवाखाना मिळाला तर सोडू नका. लाळ आत जात नाही, बारीक फाइल घशात पडण्याची भीती राहत नाही, आणि आत धुवायचं द्रावण जिभेवर येत नाही. ते द्रावण सोडियम हायपोक्लोराइट, पोहण्याच्या तलावासारख्या वासाचं.

दाढेचं छत उघडून नस काढली की प्रत्येक मुळाची लांबी मोजतात, अ‍ॅपेक्स लोकेटरने (मुळाचं टोक कुठे आहे ते सांगणारं यंत्र) आणि एक्स-रेने. मग आधी १०-१५ नंबरच्या बारीक हाताच्या फाइल्स, नंतर मशीनवरच्या निकेल-टायटॅनियमच्या. नळी रुंद होत जाते आणि दर फाइलनंतर धुतली जाते. खरं काम हे धुणंच करतं, कारण फाइल नळीच्या सगळ्या भिंतींना टेकत नाही. खालच्या सहाव्या दाढेत सहसा तीन नळ्या असतात, कधी चार. वरच्या सहाव्या दाढेत चौथी नळी वारंवार सापडते आणि वारंवार सुटतेही. आरसीटी 'फेल' होण्यामागे सुटलेली नळी हे मोठं कारण आहे. शेवटी गटापर्चा (रबरासारखा पदार्थ) आणि सीलरने (फटी बुजवणारी पेस्ट) नळ्या भरतात. हे एका बैठकीत झालं काय आणि तीन बैठकींत झालं काय, त्यावरून डॉक्टरची लायकी ठरवू नका. पू असेल तर मध्ये कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं औषध ठेवून थांबणं शहाणपणाचं असतं.

शेवटचा एक्स-रे मागून घ्या आणि स्वतः बघा. मुळांतली पांढरी रेघ टोकापासून शून्य ते दोन मिलिमीटर आत थांबलेली, सलग, मध्ये काळी फट नसलेली हवी. टोकाच्या फार अलीकडे थांबली असेल किंवा बाहेर आली असेल तर तिथेच कारण विचारा. कारण असू शकतं, कारण वाकडं मूळ किंवा बुजलेली नळी हा डॉक्टरचा दोष नाही. फाइलचा तुकडा आत तुटला तर तो लपवला जाऊ नये, एवढी अपेक्षा मात्र रास्त आहे. स्वच्छ झालेल्या नळीत तुटलेला तुकडा वर्षानुवर्षं निमूट बसू शकतो, तरी तुमच्या कागदावर त्याची नोंद हवी.

नंतर दोन-तीन दिवस चावताना दुखणं अपेक्षित आहे. तिसऱ्या दिवसानंतर ते वाढत गेलं किंवा सूज आली तर फोन करा. दात टेकताक्षणी एकाच बिंदूवर खटकत असेल तर भरण उंच राहिलं आहे. रंगीत कागद चावायला देऊन ते पाच मिनिटांत घासून देतात. 'सवय होईल' म्हणत आठवडा काढू नका, रोजच्या माराने दाढेभोवतालचा सांधा सुजतो.

आणि आता ती चूक, जिच्यामुळे नीट केलेल्या आरसीटीसुद्धा वाया जातात: कळ गेली की लोक कॅप बसवायला फिरकत नाहीत. आरसीटी झालेली दाढ म्हणजे छत काढलेलं घर. कीड आणि उघडण्याचं भोक यात वरचा आधार गेलेला असतो, आणि चावण्याचा जोर उरलेल्या भिंतींना बाहेर ढकलतो. एखाद्या दिवशी भाजलेला शेंगदाणा किंवा सुपारी येते आणि दाढ मुळापर्यंत उभी चिरते. उभ्या चिरेला उपाय नाही, दाढ काढावीच लागते. तात्पुरतं पांढरं भरण दोन-तीन आठवड्यांचं पाहुणं असतं. ते झिरपलं की लाळेबरोबर जंतू आत जातात आणि आरसीटी पुन्हा करावी लागते. कॅपचे पैसे आता नसतील तर निदान पक्कं भरण करून घ्या आणि महिन्याभरात कॅपला या. पुढच्या दातांना भिंती शाबूत असतील तर नुसतं भरण चालतं. हा नियम मागच्या दाढांचा.

कॅपसाठी दाढ बाजूंनी साधारण एक ते दीड आणि वरून दीड ते दोन मिलिमीटर घासतात. पूर्ण धातूच्या कॅपला सगळ्यांत कमी घासावं लागतं. ती दिसायला नाही, पण आतल्या दाढेला भक्कम आणि स्वस्त. धातूवर सिरॅमिकच्या कॅपचा वरचा टवका उडू शकतो आणि काही वर्षांनी हिरडीजवळ काळी रेघ दिसू शकते. झिर्कोनियात ती रेघ नाही, पण दर जास्त. मागच्या सहाव्या दाढेसाठी महागातली झिर्कोनिया हवीच असं माझं मत नाही. कॅप कायमची चिकटवण्याआधी तीन गोष्टी बघा: शेजारच्या दाताशी फ्लॉस घट्ट, पण न फाटता जातो का, दोन्ही बाजूंचे दात एकदम टेकतात का, कडेला जीभ अडकते का. शेजारच्या दाताशी फट राहिली तर अन्नाचे कण तिथे रोज अडकतील आणि शेजारची दाढ किडेल. परत लॅबला पाठवा, संकोच करू नका.

दाढ काढून टाकायचा पर्याय स्वस्त दिसतो तो त्या दिवसापुरता. पुढे मागची दाढ रिकाम्या जागेकडे कलते, वरची खाली उतरते. ब्रिज (शेजारच्या दातांवर टेकवलेला नकली दात) करायचा तर शेजारचे दोन चांगले दात घासावे लागतात. इम्प्लांटला (जबड्यात बसवलेल्या स्क्रूला) हाडात पक्कं व्हायला साधारण तीन ते सहा महिने जातात आणि खर्च आरसीटी-कॅपच्या वर. मात्र दाढ हिरडीखाली खोलवर किडली असेल किंवा चिरलेली असेल तर काढणंच बरोबर. 'कॅपला धरायला पुरेसा दात शिल्लक आहे का?' हा एकच प्रश्न डॉक्टरांना विचारा, उत्तर त्यावरून ठरतं.

३६ चं कॉम्पोझिट महिनाभर थांबू शकतं, वर्षभर नाही. दात आम्लाने खरवडून, बाँड (चिकटवणारा द्रव) लावून, ते सुमारे दोन मिलिमीटरच्या थरांत निळ्या प्रकाशाने घट्ट करतात. या कामाचा शत्रू एकच, ओल. लाळ लागली तर भरण दिसायला झकास, पण कड सुटलेली. जिथे कोरडं राहत नाही, म्हणजे हिरडीजवळच्या खाचेत, तिथे ग्लास आयोनोमर हे कमी मजबूत पण फ्लोराइड सोडणारं सिमेंट बरं.

स्केलिंगने दात हलतात, ही समजूत काही केल्या जात नाही. आधीच हाड झिजलेल्या दातांना किटणाने प्लास्टरसारखं जखडून ठेवलेलं असतं. किटण निघालं की खरी अवस्था दिसते. सुजलेली हिरडी बसते म्हणून फटी दिसतात, मुळं उघडी पडतात म्हणून काही दिवस गार लागतं. मशीन कंप आणि पाण्याने किटण झटकतं, दात घासून पातळ करत नाही. मधुमेह असेल तर हे पुढे ढकलू नका. हिरडीची सूज आणि साखर एकमेकांना वाढवत राहतात.

३८ बद्दल मात्र विचारा, 'का?' अक्कलदाढ आहे म्हणून काढायची हे कारण पुरेसं नाही. वारंवार सूज, ३७ च्या मागच्या अंगाला कीड, अन्न अडकून दुर्गंधी ही कारणं. खालच्या ओठाला संवेदना देणारी नस तिच्या मुळाच्या जवळून जाते, तेव्हा काढण्याआधी ओपीजी (पूर्ण जबड्याचा) एक्स-रे हवाच. काढल्यावर कापसाचा बोळा पाऊण तास दाबून धरा. चोवीस तास थुंकणं, चूळ, स्ट्रॉ, बिडी-सिगारेट, तंबाखू बंद. रक्ताची गुठळी निसटली तर दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान कानापर्यंत जाणारी कळ येते. त्याला ड्राय सॉकेट म्हणतात, आणि तिथे दवाखान्यात जाऊन खाच धुऊन औषध भरणं हाच उपाय. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या दुसऱ्या दिवसापासून.

मुलाची ८५ 'पडणारच आहे' म्हणून सोडू नका. ती साधारण १० ते १२ व्या वर्षी पडते, म्हणजे अजून तीन ते पाच वर्षं तिला काम आहे. ती आत्ता काढली तर मागची सहावी दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा जाते. मग स्पेस मेंटेनर (जागा राखून ठेवणारी पट्टी), नाहीतर पुढे दात सरळ करायच्या तारा. पल्पेक्टमीत दुधाच्या मुळांबरोबर विरघळणारी पेस्ट भरतात, गटापर्चा नाही. वर तयार स्टीलची कॅप बसते. कीड नसेच्या नुसत्या वरच्या भागात असेल तर पल्पोटमी (तेवढाच भाग काढणं) पुरते, त्यामुळे एक्स-रे बघून हे विचारण्यासारखं आहे. आणि सीलंट कागदावरचं सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत फायद्याचं काम. सहाव्या वर्षी येणारी दाढ कुठलाही दात न पाडता मागून उगवते, म्हणून पालक तिला दुधाची समजतात, आणि ती आयुष्यभराची असते.

डॉक्टरांनी न विचारताही सांगायच्या गोष्टी: रक्त पातळ करणारी गोळी (स्वतःच्या मनाने बंद करू नका), हाडं ठिसूळ होण्यावरची अ‍ॅलेन्ड्रोनेट किंवा झोलेड्रोनेट, गरोदरपण, हृदयाची झडप बदललेली असणं, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी. घरात कोणी मशेरी लावत असेल, गुटखा-सुपारी खात असेल तर त्यांनाही त्याच फेरीत खुर्चीवर बसवा. तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावत नसतील, तिखट सोसत नसेल, किंवा एखादी जखम अथवा पांढरा चट्टा दोन-तीन आठवड्यांत भरला नसेल, तर दाताचं बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते दाखवायचं.

क्रम मग असा: ४६ ची नस या आठवड्यात, मुलाची ८५ तिच्या पाठोपाठ, ४६ च्या दोन बैठकींच्या मध्ये स्केलिंग, मग कॅप, मग सीलंट आणि ३६, ३८ त्रास देत नसेल तर सर्वांत शेवटी. दर विचारताना आरसीटीच्या रकमेत एक्स-रे, वरचं पक्कं भरण आणि कॅप धरली आहे की नाही हे वेगवेगळं लिहून घ्या. भांडण नेहमी तिथेच होतं. खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, गोव्यात बांबोळीचं. तिथे वेळ जातो, फेऱ्या होतात, पण विद्यार्थ्याच्या प्रत्येक टप्प्यावर शिक्षकाची नजर असते. आरोग्य विम्यावर भिस्त ठेवू नका. अपघातातली इजा सोडली तर दातांचं काम बहुतेक पॉलिसींत बसत नाही.

आणि गालाची सूज जबड्याखाली गळ्याकडे उतरू लागली, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास झाला, तोंड उघडेनासं झालं, तर दंतवैद्याच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता रात्रीतसुद्धा मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.