६१ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड हप्त्यावर घेऊ का?

प्रश्न : वय ३१, डोंबिवलीत राहतो. घरी कॉर्गचे व्होल्का कीज आणि व्होल्का बेस हे दोन छोटे सिंथ (विजेवर आवाज तयार करणारी वाद्यं) आहेत, शिवाय लॅपटॉप. लहानपणी पेटी शिकलोय. ६१ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड ३६,००० रुपयांना, बारा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर मिळतोय. त्यासाठी एसआयपी ५,००० वरून २,००० वर आणणार आहे. महिन्याचा खर्च ४०,०००, बचत खात्यात ७०,०००. घेऊ का?

उत्तर : आत्ता नको, आणि ६१ पट्ट्यांचा तर नकोच.

आधी वाद्याचं बोलू. मिडी कीबोर्डला स्वतःचा आवाज नसतो. कोणती पट्टी दाबली, किती जोरात, एवढा निरोप तो पुढे धाडतो. आवाज येणार तुमच्या व्होल्कातून किंवा लॅपटॉपमधून, आणि व्होल्का कीज एका वेळी तीनच स्वर वाजवतो. दोन्ही हातांनी सहा पट्ट्या दाबल्यात तरी त्यातून ऐकू येणार तीन! पेटीवरही तुमचा एकच हात तीन-साडेतीन सप्तकांत फिरत होता, दुसरा भात्यावर. ३७ पट्ट्यांत तीन सप्तकं बसतात, त्यापलीकडे जायला सप्तक बदलायचं बटण असतं.

म्हणून २५ पट्ट्यांचा सगळ्यात स्वस्त उचलायलाही जाऊ नका. अकाईच्या एमपीके मिनी एमके-३ ला फक्त यूएसबी आहे, पाच पिनांचं गोल मिडी आउट, म्हणजे निरोप बाहेर जाण्याचं तोंड, नाही. लॅपटॉपवर तो छान चालेल, पण व्होल्काला थेट जोडता येणार नाही. मध्ये यूएसबीतला निरोप गोल मिडी केबलमध्ये घालणारी यूएसबी होस्टची डबी घ्यावी लागेल आणि वाचलेले पैसे तिथे जातील. आर्टुरियाच्या कीस्टेप ३७ ला गोल आउट आहे. व्होल्काला मिडी इन असतं, थ्रू (आलेला निरोप पुढच्या वाद्याला देणारं तोंड) नसतं. दोन्ही सिंथ एकदम जोडायचे तर एक थ्रू बॉक्स आणि तीन केबल लागतील. हा खर्च जाहिरातीत कुणी सांगत नाही. सगळं धरून २४,००० चं बजेट ठेवा.

आता हप्ता. नो-कॉस्टमध्ये व्याज आकारलं जातंच, दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट आधी देते. हप्ता क्रेडिट कार्डावर असेल तर व्याजावरचा १८ टक्के जीएसटी मात्र तुमच्या बिलात येतो. दर १५ टक्के धरला तर ३६,००० मधलं व्याज साधारण २,७६० आणि त्यावरचा कर ५०० च्या आसपास. वर प्रोसेसिंग फी. एवढ्याने कुणी बुडत नाही, खरं आहे. माझी हरकत वेगळी आहे. तुमच्याकडे दोन महिन्यांचाही खर्च शिल्लक नाही. उद्या नोकरी गेली तर पैसे बाजूला टाकणं त्याच दिवशी थांबवता येतं, हप्ता थांबत नाही. आणि क्रेडिट कार्डाचं बिल थकलं की वर्षाला ४० टक्क्यांच्या घरात व्याज लागतं.

तेव्हा एसआयपीतून काढणार होतात ते ३,००० महिन्याला आरडीत टाका. आठ महिन्यांत २४,००० होतील, तेव्हा रोखीने घ्या. बचत खात्यातल्या ७०,००० ना हात लावू नका. कीबोर्ड घरी आला की तेच ३,००० आणीबाणीच्या निधीकडे वळवा, किमान चार महिन्यांचा खर्च साठेपर्यंत. एसआयपी त्यानंतर पूर्ववत केली तरी चालेल.

एक मात्र करा. कीस्टेपच्या पट्ट्या पेटीच्या पट्ट्यांपेक्षा अरुंद आहेत. धोबीतलावला फुर्ताडोसमध्ये किंवा जवळच्या दुकानात अशा बारीक पट्ट्यांवर अर्धा तास हात फिरवून बघा. बोटं अडखळली तर पूर्ण आकाराच्या ४९ पट्ट्यांचा सेकंडहँड शोधा. पैसे देण्याआधी तो उलटा करून मागे गोल मिडी आउट आहे ना ते बघा आणि स्वतःचा व्होल्का सोबत नेऊन जोडून वाजवा.