घरी शिवणकामासाठी ओव्हरलॉक मशीन घ्यावं का? कोणतं घ्यावं आणि ते शिकायला अवघड असतं का?

घ्या. ओव्हरलॉक म्हणजे कापडाची कड पात्याने कापत दोऱ्यांनी बंद करणारं मशीन, म्हणजे धागे सुटत नाहीत. “बाहेर दहा-वीस रुपयांत करून मिळतं, घरी कशाला हवंय?” हे मी थोरल्या जाऊबाईंकडून बारा वर्षं ऐकतेय, म्हणून लिहायला बसले.

आईच्या जुन्या इरकलीचं मी ब्लाऊज शिवलं होतं. लेकीलाही पुढे घालता यावं म्हणून दोन्ही कुशींना दीड-दीड इंच माया (शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड) ठेवली आणि दुकानात ओव्हरलॉकला दिलं. गर्दी होती. तिथल्या माणसाने शिवणीपासून पाव इंचावर सगळी माया कापून टाकली. इरकलीच्या त्या पट्ट्या मशीनखाली कचऱ्यात पडलेल्या मी पाहिल्या. जाऊबाई म्हणाल्या, “दुसरं शीव.” आईची इरकल दुसरी कुठून आणू? त्याच दिवाळीत मशीन घेतलं.

सुती कापड, खण, साडीचं ब्लाऊज एवढंच शिवत असाल तर तीन धाग्यांचं पुरतं. शिवण आपण साध्या मशीनवर घालतोच, इथे फक्त कड बंद होते. टी-शर्ट, लेगिंग शिवायचे असतील तर चार धाग्यांचं आणि डिफरेन्शियल फीड (कापड ताणलं जाऊ नये म्हणून ते पुढे सरकवणाऱ्या दात्यांचा वेग कमीजास्त करायची सोय) असलेलंच घ्या, नाहीतर होजियरीची कड लाटांसारखी ताणून येते.

शिकण्यातली खरी अडचण दोरा ओवण्याची. दुकानदार ओवून देतो आणि सांगतो, दोरा काढू नका, गाठ मारून नवा ओढून घ्या. मी तेच करत राहिले. एकदा खालच्या लूपरचा (लूपर म्हणजे सुईच्या दोऱ्यात आपला दोरा गुंफणारा आकडा) दोरा तुटला आणि मशीन दोन महिने चादरीखाली पडून राहिलं. जाऊबाईंना आयतंच सापडलं. शेवटी एका दुपारी सगळे दोरे काढले आणि पुस्तिका समोर ठेवून ओवत बसले. आधी वरचा लूपर, मग खालचा, सुया सगळ्यांत शेवटी. खालचा लूपर पुन्हा ओवायचा तर आधी सुईतला दोरा काढायचा, नाहीतर दोरा पुन्हा तुटतो. पहिल्याच दिवशी हे पाच वेळा करा. प्रत्येक जागी वेगळ्या रंगाचा दोरा लावा, म्हणजे कोणता सैल पडतोय ते टाक्यावर दिसतं. टाचण्या पात्यापाशी येण्याआधी काढा.

माया राखायची असेल तर कुशी जोडण्याआधीच प्रत्येक तुकड्याची कड सुटी ओव्हरलॉक करा, पात्याने नुसते सुटलेले धागे कापले जातील इतपतच.

हो, वर्षाला चारच ब्लाऊज शिवणार असाल तर हा खर्च नका करू. साधं मशीनही लागणारच, कारण काजं, चेन ओव्हरलॉकवर होत नाहीत. ओव्हरलॉक नाही घेतलं, तर दुकानात देताना “माया कापू नका” असं सांगा आणि काम होईपर्यंत तिथेच उभ्या राहा.

गेल्या महिन्यात जाऊबाईंचं स्वतःचं ब्लाऊज मी दोन्हीकडून एकेक इंच सैल करून दिलं. ते मीच शिवलेलं होतं, म्हणून आत माया होती.