आधी लेकराची वही परत द्या

दादा नमस्कार. तुमचा मेसेज दोनदा वाचला. नीटचे दोन अटेम्प्ट झाले, तिसऱ्यासाठी लातूरला रूम ठेवलीय, एक एकर गहाण आहे आणि पोरगं म्हणतंय मला खोलीतल्या हवेतले जंतू मारणाऱ्या यूव्हीच्या, म्हणजे अतिनील किरणांच्या, मशिनी बनवायच्यात. तुम्ही वही काढून घेतली आणि "बघा काय नाद लागलाय" म्हणून पानाचा फोटो पाठवलाय.

मार्क किती पडले ते तुम्ही कुठंच लिहिलं नाही, पण "पाहुण्यात काय तोंड दाखवू" तीनदा लिहिलंय. मला काळजी याचीच वाटली. तिसरा अटेम्प्ट पोराचा आहे का पाहुण्यांचा?

आता ते पान. क्लासची खोली उभी कापून काढलीय, फुटात मापं टाकून. सात फुटांवर दिवा, त्याला आडव्या पट्ट्या, म्हणजे किरणं वरच राहतील, खाली बसलेल्यांच्या डोळ्यात येणार नाहीत, आणि पंख्याची हवा खाली येऊन भिंतीकडेनं परत वर जाते तिचे बाण. अहो खरंच असंच करतात! कोपऱ्यातले २५४ म्हणजे नॅनोमीटर, त्या दिव्याची वेव्हलेंथ.

तुम्ही म्हणता जंतूंचंच काम करायचंय तर आधी डॉक्टर हो. चूक. विल्यम वेल्स सॅनिटरी इंजिनिअर होता. खोकल्यातले बारीक थेंब सुकून हवेत तरंगत राहतात हे त्यानं १९३४ ला मांडलं, पुढे फिलाडेल्फियाजवळच्या शाळांत गोवर रोखायला असेच दिवे लावून पाहिले. किती वॅट लागतील, हवा किती घुसळते, डोळ्यापाशी किती किरणं गळतात, हे सगळं फिजिक्स आणि पंख्याचं काम आहे, त्याला एमबीबीएस लागत नाही.

बारावीला गणित आहे म्हणता, मग सीईटीचा पीसीएम ग्रुप, मेकॅनिकल नाहीतर इलेक्ट्रिकल, नांदेडचं एसजीजीएस किंवा संभाजीनगरचं गव्हर्नमेंट इंजिनिअरिंग कॉलेज बघा. यूव्हीची वेगळी डिग्री शोधत बसू नका, एसी-व्हेंटिलेशनच्या कामातून तिकडं जाता येतं. नोकरीला मात्र पुण्या-मुंबईकडं जावं लागेल, ते आत्ताच सांगतो.

आणि एक, ऑनलाइन यूव्ही दिव्याची उघडी नळी मागवून रूमवर लावू नको म्हणावं. लगेच काही कळत नाही, काही तासांनी डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं, कातडी भाजते ती वेगळीच.

चित्रात एक अडचण आहे. छत साडेआठच फूट दाखवलंय, दिव्याच्या वर जेमतेम दीड फूट उरतो, छतावर आपटून किरणं खाली आली तर? विचारा त्याला. उत्तर डोक्यावरून गेलं तरी मधे न बोलता ऐका, आणि मग फोन त्यालाच करू द्या.